भाचीची पाणबुडी

अमरावती
९ जून २०२४

चि. रश्मीस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, रिमोटवर चालणारी पाणबुडी घरी करता येते का हो?" मी घसा साफ करेपर्यंत तुझ्या कुकरची शिट्टी झाली, मग किशोरराव आले, मग तू फोन ठेवलास. पाणबुडी अशी शिट्ट्यांच्या मधल्या वेळात शिकवता येत नाही. आकृती काढावी लागते, आणि आकृती कागदावरच चांगली कळते. म्हणून आजपासून आपला पत्रव्यवहार सुरू. तूही पत्रच लिही. अकरावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतेस, तेव्हा मामाला चार ओळी लिहायला हात दुखायचे नाहीत.

आधी सांगून ठेवतो, मी विमानं पुष्कळ उडवली, पण पाणबुडीने मला कधी यश दिलं नाही. पॉलिटेक्निकला असताना दोन केल्या. दोन्ही छत्री तलावाच्या तळाशी गाळात बसल्या आहेत. विमान पडलं तर निदान तुकडे वेचता येतात. तेव्हा माझं ऐकून माझ्यापेक्षा पुढे जा, एवढीच गुरुदक्षिणा.

टाकीत पाणी भरून खाली जाणारी पाणबुडी सध्या नको. आपली मुळात तरंगणारी असावी. चार इंची पीव्हीसी पाइप घे, आत बॅटरी, मोटर, रेडिओ, दोन्ही तोंडं हवाबंद. ती पुढे पळताना बाजूचे पंख खाली झुकवले की नाक पाण्यात जातं आणि मागचं सगळं त्याच्यामागे जातं. मोटर थांबली की आपोआप वर. उभी असताना तिची पाठ अंगठाभर पाण्याबाहेर राहिलीच पाहिजे. नवशिक्याने हा अंगठा सोडू नये.

बाजारात हल्ली मिळतात ते रेडिओ घेऊ नकोस. त्यांच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. माझा लांब अँटेनाचा जुना सेट पार्सल करतो. त्याला एक खोड आहे. लहर तुटली की मोटर थांबेलच असं नाही, वेड्यासारखी चालूही राहते. म्हणून तर तो अंगठा.

तुझी आई असती तर म्हणाली असती, संघपालने आता माझ्या पोरीलाही नादाला लावलं.

तुझा,
संघपालमामा

⁂

अकोला
२१ जुलै २०२४

ती. मामांना,
सप्रेम जयभीम.

सेट मिळाला. पाइप कापला, घासला, पुढचं तोंड ताटलीच्या आकाराच्या ॲक्रिलिकने बंद केलं, मागून मोटरचा दांडा बाहेर काढला. पहिल्याच दिवशी त्या दांड्याच्या भोकातून पाणी आत आलं. आतला टिश्यू पेपर ओला झालेला पाहून मला रडूच आलं. घरात कोणाला ते दाखवायची सोय नव्हती. किशोर दारातून म्हणाले, "काहून वं, गच्चीवर समुद्र भरून राहिली का?" सासूबाईंनी शेजारच्या काकूंना सांगितलं आहे की सुनेला शाळेतून काहीतरी करायला दिलंय. माझ्या मनाने मी काही करते आहे, हे त्यांना खरंच वाटत नाही.

मी परत दांडा काढला, ग्रीसची नळी बसवली. आता रात्रभर पाण्यात ठेवली तरी आतला कागद कोरडा निघतो. नाव ठेवलं आहे 'केशर'. आईचं. लाल रंगाने पाठीवर लिहिलं.

एक अडचण मात्र मोठी आहे. गच्चीवर दोन ड्रम आहेत. एकात नळाचं पाणी असतं, दुसऱ्यात बोअरचं. नळाच्या पाण्यात हातभर खाली धरली आणि मी रिमोट घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले, तरी पंख हलतात. बोअरच्या पाण्यात तेवढीच खाली धरली की चार पावलांवरून काही नाही. ड्रम बदलून पुन्हा पुन्हा पाहिलं. तुम्हाला माहीतच आहे, इकडचा बोअर म्हणजे खारपाण, चहासुद्धा फाटतो. मला वाटतं मीठ असलेलं पाणी रेडिओची लहर खाऊन टाकतं. वीज वाहून नेणारं पाणी लहर पुढे जाऊच देणार नाही. तुमचं काय मत आहे?

मामा, एक सांगते. ही पाणबुडी कोणीतरी मनावर घेतली म्हणून पुढे सरकली. ते कोणीतरी तुम्ही आहात. दुसरं कोणी नाही.

तुमची लाडकी भाची,
रश्मी

⁂

अमरावती
११ ऑगस्ट २०२४

चि. रश्मी,
जयभीम.

दांडा कोरडा राहिला हे वाचून ऊर भरून आला. मला ते दोनदा जमलं नव्हतं.

आता बोअरचं. बाई, फिजिक्स शिकवायला लागल्यापासून तू साध्या गोष्टीला मोठं कारण शोधतेस. समुद्रातल्या पाणबुड्या काय गोड्या पाण्यात चालतात? अँटेनाची तार कुठेतरी सुटी असणार. एका ड्रममधून दुसऱ्यात नेताना हलते आणि तुला वाटतं पाणी बदललं म्हणून झालं. दोष आधी आपल्या हातात शोधावा, मग निसर्गात. जोड पुन्हा झाळून घे. आमच्या खारपाणाने लोकांचे मुतखडे वाढवले हे मान्य, पण रेडिओ खाल्ल्याचं मी ऐकलं नाही.

नाक जड वाटत असेल तर पुढच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा चिकटव, शेपूट जड असेल तर पोटाखालचं शिसं पुढे सरकव. दिवाळीला घेऊन ये. इथे आमच्या कॉलनीमागच्या शाळेचा पोहण्याचा तलाव आहे, पाणी काचेसारखं. तिथे दोघं मिळून सोडू.

मामा

⁂

अकोला
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना,
सप्रेम जयभीम.

एसटीत खिडकीशी बसून मूर्तिजापूरपर्यंत मी एकटीच हसत होते. केशर पाण्याखाली गेली तेव्हा तुम्ही माझा खांदा दाबलात आणि म्हणालात, "गेली वं पोरी, गेली. आता उलटी फिरव." मी फिरवली आणि ती तलावाच्या तळाशी लागून वळली. मामींनी पदर तोंडाशी धरला होता. मला एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता, हे किशोरना सांगू नका.

तुम्ही म्हणालात म्हणून तिला तुमच्याकडे ठेवून आले. जोड मी झाळून घेतले होते तरी इथे बोअरच्या पाण्यात तसंच होतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्याकडे चांगलं पाणी आहे, तेव्हा वळणं नीट बसवा. नाताळच्या सुट्टीत न्यायला येईन.

इथे कोणी विचारलं की पाणबुडीचं काय झालं, तर मी म्हणते, माझ्या मामांकडे शिकायला ठेवली आहे.

रश्मी

⁂

अमरावती
१२ जानेवारी २०२५

चि. रश्मी,
जयभीम.

तू नाताळात आली नाहीस, पेपर तपासणीत अडकलीस, आणि इकडे एवढं घडलं. आधी बातमी वाच, कात्रण सोबत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुख्याध्यापकांनी गळ घातली की सर, तुमची ती पाणबुडी दाखवा. दाखवली. तीनशे लोक काठावर. खाली गेली, वर आली, पुन्हा गेली. टाळ्या थांबेनात. पेपरवाला तिथेच होता.

तू पाहशील तेव्हा ओळखणार नाहीस. लाल-पांढरा रंग खेळण्यासारखा दिसत होता, म्हणून आख्खी करड्या रंगाची केली, नौदलासारखी. आणि अंगठाभर पाठ बाहेर असायची ती लोकांना होडीच वाटायची. पोटात शिसं वाढवलं. आता उभी असली तरी फक्त वरचं टोक दिसतं. खरी पाणबुडी.

बातमीत त्यांनी माझं एकट्याचं नाव घातलं. मी सांगणारच होतो, पण तो पोरगा घाईत होता. पेपरवाल्यांना काय सांगावं.

आणखी आनंदाची गोष्ट. तुमच्या अकोल्याच्या विज्ञान शिक्षकांचा मेळावा २ मार्चला आहे म्हणे, म्हैसांगकडे पंजाबराव नावाच्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यावर. त्यांचं मला बोलावणं आलं आहे. भाचीच्या गावात मामाचा कार्यक्रम. तयारीला लाग.

मामा

⁂

अकोला
२ फेब्रुवारी २०२५

मामांना जयभीम.

कात्रण तुमच्या पत्राआधीच पाहिलं होतं. आमच्या प्राचार्य ज्योत्स्ना मॅडमनी ते स्टाफ रूममध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. 'निवृत्त प्राध्यापकांच्या कल्पकतेतून साकारली पाणबुडी.' मग मला म्हणाल्या, "रश्मी मॅडम, हे तुमचे सख्खे मामा ना? तुम्ही शिका काहीतरी त्यांच्याकडून." मी हो म्हटलं. सगळे हसले, मीही हसले. मग घंटा झाली आणि मी तासाला गेले.

कोणता तुकडा तुम्ही कापला, मामा? कोणती तार जोडली? रेडिओ तुमचा होता, पत्रं तुमची होती, त्याचं ऋण मी विसरणार नाही. पण ती पाणबुडी माझी आहे. माझ्या घरचे तिला थट्टेवारी नेत होते तेव्हा मला राग येत नव्हता, कारण अमरावतीला एक माणूस होता ज्याला माहीत होतं की ती मी केली. त्याच माणसाने ती आपली म्हणून सांगितली. आता मी कोणाकडे पाहू?

आईच्या नावावरून रंगाचा हात फिरवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का?

माझं एकच मागणं आहे. २ मार्चला काठावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा की ही पाणबुडी रश्मीने केली. सांगणार नसाल तर येऊ नका, पाणबुडी एसटीने परत पाठवा.

रश्मी

⁂

अमरावती
१४ फेब्रुवारी २०२५

चि. रश्मी,

तुझं पत्र मामीला दाखवलं नाही. तिला वाटलं असतं, दिवाळीला तुझ्यासाठी केलेलं सगळं तू विसरलीस.

तू तुझं आणि माझं करत बसली आहेस. मी पॉलिटेक्निकला लागलो तेव्हा वर्कशॉपमध्ये आपल्यातला मी एकटा. माझ्या हाताखालच्या माणसाने केलेलं काम साहेबाच्या नावावर जायचं आणि माझं तर जायचंच. तीस वर्षं जात राहिलं. आज पेपरात संघपाल हे नाव मोठ्या अक्षरात आलं, फोटोसकट आलं, तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी कात्रण विहारात लावलं. आपल्या माणसांचं नाव झालं, असं ते म्हणाले. तू आपल्या माणसांत नाहीस का?

आणि खरं सांगू, भाचीने केली असं आधीच सांगितलं असतं तर पेपरवाल्याने वहीसुद्धा उघडली नसती. बाईमाणसाचा छंद म्हणून कौतुकाने मान हलवली असती आणि पुढच्या नाचाचा फोटो घेतला असता. मी उभा राहिलो म्हणून पाणबुडीकडे लोकांनी पाहिलं.

तरीही तुझा हट्ट आहे, तर तुझं नाव सांगतो. पण आधी नाही. आधी पाणबुडी पाण्यात चालू दे, लोकांचं मन भरू दे, शेवटी सांगतो. शब्द दिला.

शेततळ्याचं पाणी कसं आहे तेवढं कळव. गढूळ नको, खाली गेलेली दिसली पाहिजे.

मामा

⁂

अकोला
२३ फेब्रुवारी २०२५

मामांना जयभीम.

आपल्या माणसांत मी आहेच. म्हणूनच विचारलं होतं.

काल पंजाबरावांच्या शेतात जाऊन तळं पाहून आले. तळाला प्लास्टिक अंथरलेलं आहे, गाळ नाही. पाणी स्वच्छ आहे, खालची घडीसुद्धा दिसते. पावसाचं पाणी कपाशी-हरभऱ्याला देऊन तळं अर्ध्याच्या खाली गेलं होतं. पंजाबराव म्हणाले, "अमरावतीचे सर येऊन राहिले, त्याइले असं रिकामं तळं दाखवाचं का? म्या दोन दिवस बोअर लावून काठोकाठ भरलं. पिकाले हे पाणी चालत नाही, पण पाहुण्याले पाह्याले चालते." तुमच्यासाठी त्यांनी केलं, त्यांचे आभार माना.

बोअरच्या पाण्याबद्दल मला जे वाटतं ते मी जुलैत लिहिलं होतं. तुमचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

रश्मी

⁂

अमरावती
५ मार्च २०२५

चि. रश्मी,

तू रविवारी माझ्याशी एक शब्द न बोलता गेलीस, म्हणून लिहितो. ते पाणी खराब होतं. मी काठावरून पंख झुकवले, ती झपकन खाली गेली आणि वीतभर गेल्यावर रिमोटला दादच देईना. मी वर ओढतोय, ती खालीच. मोटर चालू राहिली ती राहिली, समोरच्या उतारावर जाऊन नाक आपटलं, ॲक्रिलिक उचकटलं आणि बुडबुडे आले. तू पाहिलंसच. पंजाबराव बिचारे म्हणाले, "सर, येईन ना वर? थांबू का आमी?" थांबले. चहा झाला तरी थांबले होते.

माझी तीस वर्षांची अब्रू त्या तळ्यात गेली असती. पण मी तुला दिलेला शब्द विसरलो नाही. तेवढ्या लोकांसमोर सांगितलं, "ही पाणबुडी माझी नाही. माझ्या भाचीने केली आहे, रश्मीने, इथेच अकोल्यात. पहिलाच प्रयत्न आहे, सांधे भरण्यात काहीतरी राहून गेलं असेल. तिला नाउमेद करू नका." लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तुला पुढे बोलावलं तर तू आली नाहीस.

एवढं केल्यावर तरी मनातला राग काढून टाक. पाणबुडी वर काढली का? रेडिओ चालू होतो का पाहा, नसेल तर वाळवून मला पाठव. दुसरी करायची असेल तर मी आहेच.

मामा

⁂

अकोला
१६ मार्च २०२५

मामांना जयभीम.

पाणबुडी पंजाबरावांच्या गड्याने गळ टाकून काढली. रेडिओ मेला आहे, वाळवून उपयोग नाही. मागच्या दांड्याची ग्रीसची नळी मात्र अजून घट्ट आहे. पाणी तुम्ही सांगितलेल्या सांध्यातून आलं नाही, आपटल्यावर पुढून आलं. आत तुम्ही वाढवलेलं शिसं होतं, तेवढं काढून टाकलं असतं तर मोटर चालू असतानाही ती इतक्या जोरात खाली गेली नसती. हे मी पंजाबरावांच्या मांडवात उभी राहून सांगू शकले असते. पण तोवर तुमचं बोलून झालं होतं आणि लोक माझ्याकडे वळून पाहत होते, तशा नजरेने नापास पोराकडे पाहतात.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. मला माहीत होतं. बोअर लावलेला पाहिला तेव्हाच कळलं होतं की ती वीतभर खाली गेली की हाताबाहेर जाणार. पत्रात मी पाणी स्वच्छ आहे असं लिहिलं, ते खरं होतं. बोअर लिहिलं, तेही खरं होतं. 'मामा, इथे सोडू नका' ही एक ओळ लिहिली असती तर तुम्ही तेव्हाही हसला असता, पण निदान मी लिहिली असती. मी लिहिली नाही. सकाळी काठावर तुमच्या बाजूला उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं. तुम्ही रिमोट हातात घेऊन लोकांना नमस्कार करत होता आणि मी गप्प राहिले. माझ्या हाताने केलेली, आईच्या नावाची पाणबुडी मी बुडू दिली. मला वाटलं होतं, ती बुडेल तर तुमच्या नावावर बुडेल.

सोमवारी ज्योत्स्ना मॅडमनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, मामांनी किती सांभाळून घेतलं तुम्हाला, पुढच्या वेळी काहीतरी सोपं करा. घरी किशोरनी पहिल्यांदाच पाणबुडीबद्दल नीट विचारलं. "पेपरातली तुयीच व्हती तं आधी काहून नाही सांगतलं?" सासूबाईंनी शेजारच्या काकूंना खरं काय ते सांगितलं.

आता अकोल्यात सगळ्यांना माहीत आहे की ती पाणबुडी मी केली होती. मी तेवढंच मागितलं होतं.

रश्मी